ठगीचा डोह

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, की सोनखेड्याची वच्छलाबाई रोज सकाळी धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन तापीवर जायची. धुणं हा आपला बहाणा. घरच्या विहिरीवर मोटर होती, पाणी पडायचं थारोळं होतं, धुवायला चांगला घडीव दगड होता. वच्छलाबाई जायची ती पाणी बघायला. पाटी काठावर ठेवून ती गुडघाभर पाण्यात उभी राहायची. आधी तळहात पाण्यावर अलगद टेकवायची, मग हात कोपरापर्यंत खाली घालायची आणि शेवटी पायाच्या अंगठ्याने तळचं पाणी चाचपायची. मग काठावरच्या बायकांकडे वळून निकाल द्यायची, "आखो चार दिन थांबा. खालनं पानी आजून गार शे." आणि एरवी नवऱ्याचंही न ऐकणाऱ्या त्या बायका मुकाट्याने थांबायच्या.

सोनखेड्याच्या बायकांना पाण्याचं काही सांगायला जाऊ नये. चोपडा तालुक्यातलं, तापीच्या अगदी काठावरचं हे गाव. इथल्या बाईला नदीचं बारा महिन्यांचं अंग ठाऊक असतं. पौषात पहाटे डोहावर वाफ दिसते, पाहुणेरावळे हुरळून उतरतात. पाण्यात ऊब लागते हे खरं, पण बाहेर येताना वारा कातडं सोलून काढतो. माघात पाणी हाडांत शिरतं. त्या दिवसांत ज्याला डुंबायची हौस असेल त्याने सरळ अडावदकडे उनपदेवाला जावं, तिथं जमिनीतूनच ऊन पाणी येतं. आषाढापासून भादव्यापर्यंत नदीच्या वाटेला जायचं नाही. आश्विनात पाणी निवळतं, दिसायला गरीब दिसतं, पण त्याची ओढ गेलेली नसते. पोहायचे महिने म्हणजे चैत्र आणि वैशाख. त्यातही वैशाखात डोहाला दोन पाणी असतात. वरचं हातभर पाणी न्हाणीतल्यासारखं ऊन, आणि त्याच्या खाली एकदम गार. पट्टीच्या पोहणाऱ्याचा पाय त्या गारठ्यात गेला तरी तो दचकतो आणि त्याचा श्वास चुकतो. म्हणून सोनखेड्यात डोहात सूर मारायची पद्धत नाही. आडवं व्हायचं, वरच्या पाण्यावर राहायचं, मान वर ठेवायची आणि पलीकडे जायचं.

पलीकडे जायचं, कारण माहेरं बहुतेक पलीकडे. आखाजीचा सण खानदेशात माहेरवाशिणींचा. या गावात प्रत्येक नवी सून पहिल्या आखाजीला माहेरी जाते ती डोह पोहून. पलीकडच्या वाळूवर भाऊ घ्यायला येऊन उभा असतो. मागून भटू नावाडी नाव घेऊन येतो, नावेत सुनेची पिशवी आणि कोरडं लुगडं. आजूबाजूची गावं हसतात. हसू देत. सोनखेड्याची माणसं बाजारात मान ताठ करूनच हिंडतात.

ही रीत पडली ठगीमुळे. ठगी कधीची, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. त्या साली तिच्या आखाजीला भाऊ आला नाही आणि सासरचे सोडेनात. भर दुपारी सगळं गाव दारं लावून पडलेलं असताना ती एकटी निघाली. नाव काठावर नव्हती आणि पोहणं येत नव्हतं. समोर माहेरच्या वाटेवरची झाडं दिसत होती, तेवढ्यावर पोरगी पाण्यात उतरली. ती सापडली नाही. गावाला त्याची इतकी लाज वाटली, की त्या वर्षापासून सुनांना आधी पोहणं शिकवायचं आणि मग बाकीचं घरकाम, असा नेमच झाला. डोहाला ठगीचं नाव पडलं. "आन तवयपासून एकबी सून बुडनी नही," हे वाक्य वच्छलाबाई पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवायची.

शिकवायचा मान तिच्या घराण्याकडे. तिची सासू भिकुबाई शिकवायची, ती गेल्यावर वच्छलाबाई. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, भोपळ्याची दोरी डाव्या हातात धरायची आणि उजवा हात शिकणारीच्या पोटाखाली द्यायचा. अर्ध्या गावाला तिने असं पाण्यावर निजवलं होतं. आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच कौतुक असायचं. वच्छलाअक्काचा हात काय गार आहे! चैत्र-वैशाखाच्या ऊन पाण्यात पोटाखाली तो गार तळवा आला, की भीती कुठल्या कुठे पळते. हे ऐकलं की वच्छलाबाई वरवर "चाल, पाय मार, गप्पा नको हानू" म्हणून दटावायची, पण आतून फुलून यायची. तिलाही लग्नाच्या साली भिकुबाईचा हात असाच गार लागला होता. घराण्याचा गुण, असं तिने धरून ठेवलं होतं.

सत्त्याऐंशी साली तिच्या स्वतःच्या घरात सून आली. मुलगा सुकदेव, सून प्रमिला. प्रमिला जळगावची, पिंप्राळ्याची. पोरीने गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीपेक्षा मोठं पाणी जवळून पाहिलेलं नव्हतं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात डोह बघायला नेली, तर काठावरच्या बाभळीला घट्ट धरून उभी राहिली. बायकांनी पदराआड हसून घेतलं. सगळ्या गावाला शिकवणारीच्या घरात ही! ती नावेत बसून माहेरी गेली असती, तर वच्छलाबाईला पाणवठ्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. पोर गोड होती. रात्री सासूचे पाय चेपताना भीतभीत विचारायची, "आत्या, पाण्यात पाय टेकत नाहीत तेव्हा माणूस काय धरतो?" वच्छलाबाईचा तिच्यावर जीव जडला होता. या पोरीला काही झालं तर आपण जगायचं कशाला, असं तिला मनापासून वाटायचं.

चैत्र निम्मा झाल्यावर शिकवणी सुरू झाली. पोरगी घाबरट, पण चिवट होती. नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लाल व्हायचे, तरी दुसऱ्या दिवशी कासोटा घालून तयार. आणि तीही तेच म्हणाली, "आत्या, तुमचा हात किती गार आहे हो!"

आखाजीच्या अलीकडे लोणच्याच्या कैऱ्या चिरताना विळीने वच्छलाबाईचा उजवा तळहात कापला. चांगलाच कापला, हळद दाबून फडकं बांधावं लागलं. पण एवढ्यासाठी शिकवणी थांबवणारी ती बाई नव्हे. दुसऱ्या सकाळी ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, डाव्या हातात भोपळ्याची दोरी आणि फडकं बांधलेला उजवा हात भिजू नये म्हणून खांद्याच्या वर. प्रमिला पाण्यावर आडवी झाली आणि पाय मारू लागली. त्या दिवशी तिला काय सूर सापडला कोण जाणे, कमरेतून सरळ झाली आणि छान तरंगली.

"आत्या, आता हात काढा," ती हसत म्हणाली. "जमतंय मला."

"कोनता हात व?"

"पोटाखालचा."

 वच्छलाबाईने आपल्या वर धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग पाण्यात पाहिलं. प्रमिलाच्या लुगड्याचा हिरवा रंग आणि त्याखालचं काळं पाणी, एवढंच दिसत होतं. तिने दोरी ओढून सुनेला काठाला घेतलं आणि म्हणाली, "पुरे आज."

घरी जाताना ती वाकडी वाट करून बेबाबाईकडे गेली. बेबाबाई तिची पहिली शिकाऊ, आता स्वतः नातवंडांची आजी. ओट्यावर डाळ पाखडत बसली होती.

"बेबा, मी तुले शिकाडं, तवय पोटखाले हात कोनती बाजूतीन येये व?"

"डावी बाजूतीन," बेबाबाई सुपातून मान वर न काढता म्हणाली. "काबर?"

"काही नही."

वच्छलाबाई आयुष्यभर उजव्या बाजूला उभी राहत आली होती. भिकुबाईने तिला तसंच शिकवलं होतं. आणि आपल्या त्या उजव्या हातावर कधी कोणाचा भार आलेला तिला आठवेना.

"तुन्हाच हात ना अक्का," बेबाबाई आता थांबून बघायला लागली. "आखो कोना ऱ्हाई?..."

दुसरी कोणी बाई असती तर अंगाऱ्याला धावली असती. वच्छलाबाईला भीती वाटली नाही असं नाही, पण भीतीच्या आधी राग आला. सरळ सरळ राग. इतक्या वर्षांची वाहवा, लग्नांत मिळालेला मानाचा पाट, बाजारात वळून बघणारी माणसं, हे सगळं कोणाचं? आपण नुसती दोरी धरून उभ्या होतो की काय? संध्याकाळी तिने भाकरी थापताना परातच आपटली. सुकदेव घाबरून शेजारी जाऊन बसला.

आखाजीला दोन दिवस उरले असताना, दुपारी सगळं घर निजल्यावर, ती उठली आणि एकटी नदीकडे निघाली.

खानदेशातली वैशाखाची दुपार ज्याने पाहिली आहे, त्याला अंधाराची भीती सांगायला नको. गावात एक दार उघडं नव्हतं. कुत्री गाड्यांखाली जीभ काढून मेल्यागत पडलेली. झळांनी समोरची वाट हलत होती. कुठे पारवा घुमत होता, तोही नदीच्या उतारापाशी येईतो गप्प झाला. तापलेल्या वाळूचा आणि शेवाळाचा वास एकमेकांत मिसळला होता. डोहावर एक तरंग नव्हता. वच्छलाबाईने चपला काठावर काढल्या, कासोटा आवळला, हाताचं फडकं सोडलं आणि पाण्यात उतरली.

वरचं पाणी ऊन होतं. ती मधापर्यंत गेली आणि तिथं उभी पोहत राहिली, नुसते पाय हलवत. हळूच जखमेचा हात खाली सोडला. मनगट बुडालं, कोपर बुडालं. ऊन पाणी संपलं, गार पाणी लागलं. हळदीने सुकलेली जखम झोंबली.

आणि कोणीतरी तो हात हातात घेतला.

ओढला नाही, पिरगाळला नाही. नुसता धरला. बोटं बारीक होती, पोरीची. त्या गारव्याने जखमेची आग एकदम थांबली. वच्छलाबाईचे पाय आपोआप चालत होते म्हणून ती वर राहिली, नाहीतर तिथंच संपली असती. ओरडायला श्वास नव्हता. आणि ऐकायला तरी कोण होतं...

"कोन शे?..." ती कसंबसं बोलली.

पाणी हललं नाही.

"ठगी?..."

बोटं जरा आवळली.

वच्छलाबाईचा राग अजून गेला नव्हता. बाई तशी खमकीच. "म्हंजे इतला साल तू शिकाडं त्या बठ्ठ्या सुनास्ले? आन मी गावमा मिरावू?"

पुन्हा तशीच बोटं आवळली गेली, हळूच. चोरी पकडली गेल्यावर लहान पोर हात घट्ट धरतं, तशी. आणि मग वच्छलाबाईचा राग पार विरघळला. तिला एकदम सगळं कळलं आणि रडू आलं. जिला माहेरी जायला मिळालं नाही, तिने दरवर्षी कोणा ना कोणाला पोटाखाली हात देऊन माहेरच्या काठाला लावलं होतं. स्वतः मात्र इथंच राहिली. गावाने डोहाला तिचं नाव दिलं, रीत पाडली, छाती फुगवली, पण तिला पलीकडे न्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. वच्छलाबाईच्याही आलं नव्हतं.

"चाल," ती म्हणाली. "आखाजी उनी. तुन्हा भाऊ नही उना ते नही उना. मी पोचाडस तुले. हात सोडू नको."

ती आडवी झाली. एका हाताने पाणी कापत, दुसरा हात खाली सोडून ती पोहू लागली. भोपळा नव्हता आणि तिला आयुष्यात कधी लागला नव्हता. पण असं ओझं तिने कधी ओढलं नव्हतं. हात खांद्यातून निखळतो की काय असं वाटत होतं. खालचा गारठा दंडापर्यंत चढला, छातीत शिरला. तोंडाशी पाणी आलं, तिने ते थुंकलं. "पाय मार," ती धापा टाकत म्हणाली, "पाय मार व माय, मी शे ना आठे..." आणि तिला कळेना, हे आपण कितव्यांदा म्हणतो आहोत. इतक्या जणींना म्हटलेलं आज पहिल्यांदा खरं होतं.

पायाला वाळू लागली. ती गुडघ्यांवर रांगत वर आली आणि पालथी पडली. हातात काही नव्हतं. बऱ्याच वेळाने मान वळवून पाहिलं. पाय ठेववणार नाही अशा तापलेल्या त्या पांढऱ्या वाळूवर ओल्या पावलांची एक रांग उमटली होती. लहान पावलं, घाईची. ती रांग वर झाडांकडे गेली होती. एवढ्या उन्हात ती सुकायला हवी होती, पण सुकत नव्हती.

वच्छलाबाई उठून बसली आणि त्या पावलांकडे बघत राहिली. भीती होतीच, पण त्याहून मोठा अभिमान तिला वाटला. भिकुबाईला जमलं नाही ते आपण केलं. गावाकडून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली एक सून आपण पार केली. हे ती कोणाला सांगू शकणार नव्हती आणि पहिल्यांदाच तिला त्याचं काही वाटलं नाही.

परत फिरताना मात्र तिच्या लक्षात आलं. मध्यावर येऊन तिने सवयीने पाय खाली सोडला. ऊन. आणखी खाली सोडला. ऊनच. श्वास कोंडून ती आयुष्यात पहिल्यांदा डोहात बुडी मारून गेली, हात लांब करून तळाच्या गाळाला बोटं लावून आली. वरपासून खालपर्यंत सगळं पाणी सारखंच कोमट होतं. डोहात कुठेही गारवा उरला नव्हता.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. उद्या प्रमिला या डोहात उतरणार, आणि पोटाखाली हात द्यायला आता कोणी नाही. जी होती, तिला आपणच वाटेला लावून आलो. पलीकडे अंथरुणावर सून गाढ झोपली होती. नावेत बसवू या का, असा विचार वच्छलाबाईच्या मनात आला. तिने तो ढकलला. पुन्हा आला, पुन्हा ढकलला. पहाटे ती उठून स्वतःलाच म्हणाली, "मी शे ना."

आखाजीच्या आदल्या सकाळी सोनखेड्याच्या साऱ्या बायका काठावर जमल्या. पलीकडच्या वाळूवर प्रमिलाचा भाऊ लोटन पिंप्राळ्याहून येऊन उभा होता, डोळ्यांवर हाताची सावली धरून. भटूने नाव सोडली. वच्छलाबाईने सुनेच्या पाठीला भोपळा बांधला, गाठ एकदा ओढून पाहिली, मग आणखी एकदा ओढून पाहिली.

"भ्यावू नको," ती म्हणाली.

"मी नाही भीत आता," प्रमिला म्हणाली. "तुम्हीच घाबरल्यासारख्या दिसताय, आत्या."

दोघी पाण्यात उतरल्या. वच्छलाबाईने डाव्या हाताने दोरी धरली, जखम भरत आलेला उजवा हात सुनेच्या पोटाखाली दिला, आणि उजव्या बाजूने पोहत राहिली. या खेपेला तो हात खरोखर तिचा होता. पोरीचा भार तिला कळत होता, श्वास कळत होता, पोटातली धडधड कळत होती. काठावरून बायकांच्या हाका येत होत्या. डोहाचा मध्य आला. प्रमिलाचे पाय एकसारखे चालत होते, मान वर होती. वच्छलाबाईने आधी दोरी सोडली. मग अगदी सावकाश, तळहात, मग बोटं, असा हात काढून घेतला.

पोरगी बुडाली नाही. तशीच पुढे गेली, सरळ. सासूपासून हातभर पुढे, मग दोन हात, मग त्याहून पुढे.

वच्छलाबाईच्या छातीत आनंद मावेना. आपण शिकवलं! दुसऱ्या कोणी नाही, आपण! जागच्या जागी उभी पोहत, नुसत्या पायांवर अंग तोलून तिने दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि काठावरच्या बायकांना दिसावेत म्हणून डोक्यावर उंच धरले. बांगड्यांवरून पाणी निथळत होतं.

"दखा!" ती ओरडली. "दखा व, मी हात सोडी दिन्हा! दोन्ही हात सोडी दिन्हा!"

काठावर बायकांनी टाळ्या पिटल्या. पलीकडे लोटन पाण्यात धावत आला. आणि पुढे गेलेली प्रमिला मागे न बघता, हनुवटी पाण्यावर ठेवून, धापा टाकत पण हसत म्हणाली,

"आत्या, हात नका काढू अजून... असाच डावीकडून राहू द्या. आज गार नाही लागत... चांगला गरम आहे."

वच्छलाबाईचे दोन्ही हात तसेच वर राहिले.